शेक घेतलेल्या माणसाचे ताट वेगळे करू नका

चोरखमाऱ्याच्या वस्तीत आरोग्याच्या बैठकीला आम्ही बसलो होतो. मागच्या रांगेतून एका आईने हळूच विचारले, "आमच्या यांना नागपूरले तोंडाच्या कॅन्सरचा शेक सुरू हाय. शनिवारी घरी येतात. नातू मांडीवर बसला तर चालते का? शेजारीण म्हणते, ताट-पेला वेगळा ठेवा."

असाच प्रश्न अनेक घरांत असतो, पण कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर नीट कळण्यासाठी आधी न्यूट्रॉन नावाच्या एका बारीक कणाची ओळख करून घेऊ.

न्यूट्रॉन म्हणजे काय?

माती, पाणी, धान, आपले शरीर, सारे काही अणूंचे बनलेले आहे. अणूच्या मधोमध केंद्रक असते. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असे दोन प्रकारचे कण असतात. (साध्या हायड्रोजनच्या केंद्रकात तेवढा न्यूट्रॉन नसतो.) प्रोटॉनवर विजेचा धन भार असतो, न्यूट्रॉनवर कोणताच भार नसतो. १९३२ साली इंग्लंडमध्ये जेम्स चॅडविक यांनी तो शोधला.

भार नसल्यामुळे न्यूट्रॉनला केंद्रक दूर ढकलत नाही. तो सरळ आत शिरतो आणि कधी कधी तिथेच राहतो. मग त्या अणूचा स्वभाव बदलतो. तो किरण सोडू लागतो. यालाच किरणोत्सारी होणे म्हणतात.

न्यूट्रॉन मोठ्या संख्येने मिळतात ते अणुभट्टीत. आपल्या देशाची पहिली अणुभट्टी 'अप्सरा' ४ ऑगस्ट १९५६ रोजी मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे सुरू झाली. १९८५ साली तिथेच 'ध्रुव' सुरू झाली. न्यूट्रॉन शरीराला घातक असतात, म्हणून अणुभट्टीभोवती पाणी आणि जाड काँक्रीटची भिंत असते. पण तेच न्यूट्रॉन शास्त्रज्ञांना धातूच्या आतली रचना दाखवतात, आणि औषधेही तयार करून देतात.

शेकाचे यंत्र आणि कोबाल्ट

साध्या कोबाल्टच्या अणूत २७ प्रोटॉन आणि ३२ न्यूट्रॉन असतात. अणुभट्टीत त्याने आणखी एक न्यूट्रॉन घेतला की तो कोबाल्ट-६० होतो आणि जोरदार गॅमा किरण सोडतो. हा कोबाल्ट जाड आवरणाच्या यंत्रात बंद ठेवतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभाट्रॉन' नावाचे असे देशी यंत्र तयार केले आहे. सुमारे सव्वापाच वर्षांत कोबाल्टची ताकद निम्मी होते, म्हणून तो ठराविक काळाने बदलावा लागतो. आता बऱ्याच दवाखान्यांत कोबाल्टऐवजी विजेवर चालणारे यंत्र असते. दोन्हींतले किरण कॅन्सरच्या पेशी मारतात.

आता त्या आईचे उत्तर. अणूला किरणोत्सारी बनवतो तो आत शिरून राहणारा न्यूट्रॉन. रुग्णावर न्यूट्रॉन पाडत नाहीत, गॅमा किंवा क्ष-किरण पाडतात. हे किरण उजेडासारखे असतात. दिवा विझवला की खोलीत उजेड उरत नाही. तसेच यंत्र बंद झाले की रुग्णाच्या अंगात किरण उरत नाहीत. म्हणून बाहेरून यंत्राने शेक घेतलेल्या माणसाजवळ नातवाने बसावे, एकाच ताटात जेवावे, काही होत नाही. कॅन्सर शिवल्याने लागत नाही. पेला वेगळा ठेवला की माणसाच्या मनाला काय होते, हे आपल्या घरांना कोणी शिकवायला नको.

वेगळी काळजी कधी घ्यायची?

थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये आयोडीन-१३१ हे औषध तोंडाने देतात. टेल्युरियमवर न्यूट्रॉन पाडून ते तयार होते. इथे किरण सोडणारा पदार्थच पोटात जातो. दर आठ दिवसांनी त्याची ताकद निम्मी होते, आणि लघवीवाटेही तो बाहेर पडतो. म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस लहान मुले आणि गरोदर बायांपासून लांब राहावे. हाडांच्या तपासणीसाठी टेक्नेशियमची सुई देतात. त्याची ताकद सहा तासांत निम्मी होते. त्या दिवशी काय काळजी घ्यायची ते तिथेच विचारून घ्यावे.

न्यूट्रॉनचा थेट उपचारही आहे. रुग्णाला बोरॉनचे औषध देतात, ते कॅन्सरच्या पेशींत जास्त साठते, आणि मग न्यूट्रॉन सोडतात. जपानने २०२० साली डोके व मानेच्या काही कॅन्सरसाठी याला मान्यता दिली. आपल्याकडे मिळणारा नेहमीचा शेक म्हणजे हा उपचार नव्हे.

शेक अर्धवट सोडू नका

तोंडाच्या कॅन्सरचा शेक बहुधा आठवड्यात पाच दिवस, असा सहा-सात आठवडे चालतो. धानाची रोवणी आली म्हणून मध्येच थांबलो तर उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. शेकाच्या जागी हळद, तेल, बाम विचारल्याशिवाय लावू नका. तोंड सोलले तर मऊ भात, वरण, दलिया द्या. तिखट टाळा. खर्रा पूर्ण बंद.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा.

आणि आज घरी एक काम करा. उजेडात सगळ्यांची तोंडे पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, मानेत गाठ, किंवा उभी तीन बोटे तोंडात जात नसतील, तर तिरोड्याच्या किंवा गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात लगेच दाखवा. लवकर सापडलेला कॅन्सर बरा होऊ शकतो.

बैठक संपली तेव्हा ती आई म्हणाली, "मंग शनिवारी नातवाले त्यायच्या जवळच जेवाले बसवतो." आम्ही म्हणालो, जरूर बसवा.