दोन्ही सैन्यं तुझीच हवीत

अगं, धुळ्यात खेळायला माणसंच मिळत नाहीत, हे तू दर फोनला ऐकवतेस. आता माझं ऐक. माणसं आहेत. त्यांना यायला ठरलेला वार नाही, बसायला जागा नाही आणि आल्यावर हातात घ्यायला काही नाही. पुण्यात कुणाच्या तरी हॉलमध्ये तू बोटाएवढे रंगवलेले शिपाई पाहिलेस, फासे टाकून एक लढाई खेळलीस आणि तेच डोक्यात घेऊन परत आलीस. चांगलंच झालं. पण तिथे तुला जे आयतं मिळालं, ते इथे कुणीतरी आधी मांडून ठेवायला हवं. ते कुणीतरी म्हणजे तूच.

आधी पैशाचं बोलू, कारण लोक तिथेच गळतात. तुला वेड लागलंय ते वॉरहॅमर ब्रिटनचं. गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ मध्ये लंडनच्या एका फ्लॅटमधून सुरू झाली. १९८३ मध्ये तिने वॉरहॅमर काढलं आणि १९८७ मध्ये त्याचा अंतराळातला भाऊ, वॉरहॅमर ४०,०००. तिकडची पेटी आपल्या दारात येईपर्यंत तिची किंमत ऐकून घरात भांडण व्हावं इतकी वाढते. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी आपल्याकडे २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. अशात नव्या माणसाला पहिल्याच भेटीत "आधी सैन्य विकत घे" म्हणालीस, तर तो चहा पिऊन जाईल आणि पुन्हा तुझा फोनही उचलणार नाही.

त्या कंपनीच्या दुकानांचीच युक्ती उचल ना. तिथे मेज मांडलेलं असतं, नवख्याच्या हातात दुकानाचं सैन्य देतात, एक छोटा डाव खेळवतात, आणि खरेदीचं बोलणं त्यानंतर. म्हणून सांगते, तुझ्याकडे एक नाही, दोन सैन्यं हवीत. समोरच्याचं सैन्यही तूच रंगवायचं. आणि जे जास्त देखणं झालंय ते त्याच्या हातात द्यायचं, उरलेलं आपण घ्यायचं. मन मोठं लागतं गं याला. स्वतः रात्र रात्र बसून रंगवलेला सरदार दुसऱ्याच्या घामट बोटांत बघवत नाही. तरीही द्यायचा.

दोन सैन्यं म्हणजे शंभर बाहुल्या नव्हेत. तुझी आई त्यांना बाहुल्याच म्हणणार, म्हणू दे. चकमकीचे खेळ असतात, त्यात एका बाजूला पाच ते दहा जण पुरतात. २०१५ मध्ये आलेलं फ्रॉस्टग्रेव्ह बघ: एक जादूगार, त्याचा चेला आणि भाड्याचे आठ शिपाई, झालं सैन्य. तीन फूट बाय तीन फूट जागा लागते आणि कुठल्याही कंपनीच्या, साधारण सारख्या मापाच्या बाहुल्या चालतात. वीस बाजूंचे फासे तेवढे मागवावे लागतील. अंतर मोजायला शिंप्याची टेप आणि पटासाठी प्लायवुड. आठ बाय चारची शीट घेऊन दुकानातच मधोमध कापून घे, म्हणजे चार बाय चारचे दोन पट झाले. त्यातला एक दिवाणावर टाकला की मेज तयार.

शिपाई कुठून आणायचे? तुझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटर धूळ खात असेल, त्यावर सरांच्या परवानगीने काढ. मोफत नमुने भरपूर मिळतात. रेझिनचा प्रिंटर असेल तर हातमोज्यांशिवाय आणि बंद खोलीत हात लावायचा नाही, एवढं मात्र माझं ऐकायचंच. आणि दिवाळीत किल्ल्यावर मांडायला मातीचे मावळे येतात ना, तेही चालतील. फक्त त्यांत महाराज किल्ल्याच्या दरवाज्यापेक्षा उंच असतात आणि भाजीवाली तोफेएवढी, तेवढं सांभाळून घे. ज्या पोराने कधीतरी भावाशी "हा मावळा बुरुजावर, तो खाली" असं भांडण केलंय, तो तुझा खेळाडू आहेच. त्याला ते अजून माहीत नाही, इतकंच.

आता मुख्य मुद्दा. तुझ्या आईची भिशी आठव. त्या बायकांना एकमेकींचं सगळंच आवडतं असं नाही. दोघी तर वर्षानुवर्षं एकमेकींशी धड बोलत नाहीत. तरी भिशी मोडत नाही. का? तारीख ठरलेली, घर ठरलेलं, पैसे सगळ्यांचे अडकलेले, आणि आपली चिठ्ठी अजून निघायची आहे. तू तेच कर. महिन्याचा दुसरा रविवार म्हणजे दुसरा रविवार. दोघंच आले तरी पट मांडायचा. कुणीच नाही आलं तर एकटीने रंगवत बसायचं, पण दार उघडं ठेवायचं. "सगळ्यांना जमेल असा दिवस बघू" म्हणालीस की संपलं. असा दिवस खानदेशात कुणाला सापडलेला नाही. लग्नसराई, कपाशीची वेचणी, परीक्षा, कुणाच्या तरी साखरपुड्याला अमळनेर, काहीतरी असतंच.

आणि खरंच भिशी लाव. दर महिन्याला थोडे पैसे, चिठ्ठी निघेल त्याला एक छोटी टोळी आणि रंगांच्या चार बाटल्या. पहिल्या महिन्यात कुणालाच स्वतःचं सैन्य नको असतं, पण ज्याची चिठ्ठी निघाली त्याचं बघून बाकीच्यांना हवंसं वाटतं. हिशेब वहीत, वही तुझ्याकडे नाही, दुसऱ्याकडे. ज्याचा उत्साह तोच खजिनदार झाला की लोक कुजबुजायला लागतात, मग तू कितीही सरळ असलीस तरी.

तू म्हणशील, तुमच्या जळगावात बुद्धिबळ आणि कॅरम कसं वाढलं? मोठी स्पर्धा घेऊन टाकू की. नको. इथे जैन उद्योगसमूहाचं पाठबळ आहे, त्यांच्या स्पोर्ट्स अकॅडमीचे कॅरमपटू देशभर खेळतात, २०१३ च्या महाराष्ट्र चेस लीगमध्ये 'जळगाव बॅटलर्स' नावाचा संघ होता आणि २०२४ मध्ये अकरा वर्षांखालच्या मुलामुलींची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धाही जळगावलाच झाली. पण बुद्धिबळाचा पट घराघरात असतो, हत्ती कसा चालतो हे आजोबाच शिकवतात, आणि रेटिंग नावाची शिडी पोरांपेक्षा आईबापांना जास्त चढायची असते. तुझ्या खेळाला यातलं काहीच नाही. स्पर्धा लावलीस तर येतील ते फक्त जिंकायला येणारे, आणि हरलेला नवखा घरी बसेल. वर्षभर स्पर्धेचं नावसुद्धा काढू नकोस. त्यापेक्षा तालुक्याच्या बुद्धिबळ स्पर्धेत दोन फेऱ्यांमधला वेळ बघ. पोरं कंटाळलेली असतात, पालक वेफर्स खात ताटकळत असतात. आयोजकांना विचारून एका कोपऱ्यात तुझा पट मांड. न बोलावता गर्दी होईल.

मी तर म्हणते खेळाडू शोधूच नकोस, रंगवणारे शोध. हे तुझ्या पुण्याच्या मित्रांना सुचणार नाही. आपल्याकडे सराफ बाजारात बारीक नक्षीवर नजर रोखून बसणारे कारागीर आहेत, गणपतीचे डोळे आखणारे हात आहेत, आणि शाळेतल्या चित्रकलेच्या बाई आहेत, ज्यांना कुणी कधी काही विचारतच नाही. त्यांच्यापुढे एक राखाडी शिपाई आणि शून्य नंबरचा ब्रश ठेव. "ताई, याचे डोळे जमत नाहीत हो," एवढंच म्हण. पुढचं आपोआप होतं. रंगवलेला शिपाई कपाटात ठेवायला कुणालाच आवडत नाही, मग तो मैदानात येतोच.

रंगाचं एक मात्र लिहून घे, कारण तिकडचे सल्ले इथल्या उन्हात चालत नाहीत. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या पुढे गेला की ॲक्रेलिक रंग ताटलीत काढता काढता वाळतो. म्हणून ओली पॅलेट कर: झाकण घट्ट बसणारा चपटा डबा, तळाला ओट्याचं पुसणं भिजवून, त्यावर बेकिंगचा बटर पेपर. पाणी खालून हळूहळू वर झिरपत राहतं आणि झाकण लावलं की रंग दुसऱ्या दिवशीही ओला असतो. रंग बाटलीतून थेट लावायचा नाही, पाण्याने दुधाएवढा पातळ करायचा आणि दोन हात द्यायचे. प्राइमरचा स्प्रे भर उन्हात मारलास तर थेंब हवेतच सुकतात आणि शिपायाच्या अंगावर रवा सांडल्यासारखं होतं. पहाटे गच्चीवर मार, नाहीतर उन्हाळाभर ब्रशनेच लाव. थर्माकोलच्या डोंगरावर तर तो स्प्रे मारूच नकोस, डोंगर विरघळतो. शिवाय सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. पुठ्ठा घे, काळी माती घे, केळीच्या सोपटाचे धागे काढून झोपड्या शाकार. तोफेच्या धुराला कापूस लागतो, आणि तो कुठे मिळतो हे तुला मी सांगायला नको.

जागेचं सांगते, हे ताई म्हणून. पहिल्या बैठका कुणा एकट्या राहणाऱ्या मुलाच्या खोलीवर घेऊ नकोस, तो कितीही चांगला असो. मुलींच्या घरचे एकदा नाही म्हणाले की कायमचं नाही होतं. वाचनालयाचा हॉल मिळतो का बघ. तुमच्याकडे गरुड वाचनालय आहे, आमच्याकडे व. वा. वाचनालय. अर्ज लिही, 'इतिहास आणि हस्तकला' असं लिही, ते खोटंही नाही. वेळ सकाळी नऊ ते बारा, म्हणजे ऊनही टळतं आणि दिवेलागणीचा प्रश्नच येत नाही. एखादी आई "मी पण बसते" म्हणाली तर तिला खुर्ची दे आणि फासे तिच्याच हातात दे.

नियमांचं इंग्रजी पुस्तक कुणापुढे टाकू नकोस. एका पानावर मराठीत लिही: किती इंच चालायचं, कधी फासा टाकायचा, मेला कधी. बाकीचं खेळता खेळता. पुस्तक पाठ असलेला एखादा भाऊ येईलच, दर डावाला "असं नाही भो, पान चाळीसवर काय लिहिलंय" करणारा. त्याच्याशी वाद घालू नकोस, त्याला पंच कर. काम मिळालं की असली माणसं सोन्यासारखी होतात. आणि नवख्याबरोबर पहिला डाव तू हरायचास, फक्त मुद्दाम हरलीस हे दिसता कामा नये.

मग चार-सहा जण जमले की त्यांना आपल्या मातीतली लढाई दे. परक्या ग्रहावरचे राक्षस किती दिवस मारणार? शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर आहे. खानदेशावर राज्य केलेल्या फारुकी राजांच्या कबरी तिथेच आहेत, लोक लग्नाला जाताना बाहेरून बघतात. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकर इंग्रजांकडून हरले, मंदसौरच्या तहात खानदेश इंग्रजांना द्यायचा ठरला, आणि २७ फेब्रुवारी १८१८ ला इंग्रजांच्या सर थॉमस हिस्लॉपची फौज थाळनेरच्या किल्ल्यापुढे आली. किल्लेदाराने किल्ला द्यायला आधी नकार दिला, मग तो बाहेर येऊन स्वाधीन झाला. आत अरब शिबंदी होती. आतल्या दरवाज्याशी नेमकं काय बोलणं झालं आणि कुणी काय समजलं, यावर तेव्हापासून वाद आहे. तिथे इंग्रज अधिकारी मारले गेले, मग आतल्या लोकांची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. पुढे इंग्लंडच्या संसदेतही त्यावर बोलणं झालं.

याचा डाव किती सुंदर होईल बघ. दरवाज्यामागून दरवाजे, म्हणजे गर्दी आपोआप चिंचोळ्या वाटेत अडकते. दोन्ही बाजूंना सुरुवातीला एकेक चिठ्ठी द्यायची: आपण शरण चाललोय की लढायला, आणि समोरच्याच्या चिठ्ठीत काय आहे ते माहीत नाही. आतल्या दरवाज्याशी पोचेपर्यंत आपली चिठ्ठी समोरच्याला दाखवायची नाही. जो आधी घाबरून फासा टाकेल त्याने लढाई सुरू केली. पुस्तकं हवीत तर राजवाडे मंडळ तुझ्याच गावात आहे, १९२७ पासूनचं. तिथे जाऊन नुसतं विचारलंस तरी दोन अभ्यासू माणसं तुझ्या ओळखीची होतील, आणि त्यांतला एक हमखास पट बघायला येईल.

एक कडू गोष्ट. बारावी झालेली पोरं पुण्याला जाणारच, तू त्यांच्यावर संसार मांडू नकोस. त्यांना खेळव, पण घट्ट धर ते इथे राहणाऱ्यांना: मेडिकलवाला, शिक्षिका, बँकेतला क्लार्क, वर्कशॉपवाला. त्यांच्याकडे वेळ कमी असतो, पण पुढच्या वर्षीही ते इथेच असतात.

बरं, तुझी पहिली बैठक कोणत्या महिन्यातल्या रविवारी, ते या आठवड्यात कळव. एरंडोल-पारोळ्यावरून मी एसटीने येते, आपल्याला बायकांना अर्धंच तिकीट आहे, त्यामुळे सोबत मैत्रिणींनाही आणीन. थाळनेरचा दरवाजा पुठ्ठ्याचा करून मी आणते. तटाला लागणारी माती तू चाळून ठेव, आणि चाळणी आईची घेऊ नकोस.