पिस्तुलावरील रेड डॉट साइटची बैठक : निवड व जोडणी

पिस्तुलाने नेम धरताना मागील खाच, पुढील माशी आणि लक्ष्य ही तिन्ही एका रेषेत आणावी लागतात. मनुष्याचा डोळा मात्र एका वेळी एकाच अंतरावरील वस्तू स्पष्ट पाहू शकतो. रेड डॉट साइटमुळे ही अडचण बरीचशी दूर होते. तिच्यातील लहानशा दिव्याचा प्रकाश वक्र काचेवरून परावर्तित होऊन समांतर किरणांच्या रूपाने डोळ्यापर्यंत येतो. त्यामुळे लाल ठिपका जणू लक्ष्यावरच टेकला आहे असे दिसते. या तत्त्वावरील नेमयंत्र डब्लिन येथील दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली सिद्ध केले. विजेवर चालणारी लाल ठिपक्याची साइट स्वीडनमधील एमपॉइंट कंपनीने १९७५ साली बाजारात आणली.

साइट खरेदी करताना काचेकडे व ठिपक्याकडे सर्वांचे लक्ष जाते. ती ज्यावर बसवावयाची, त्या माउंटकडे, म्हणजे बैठकीकडे, मात्र दुर्लक्ष होते. वस्तुतः नेमाची खात्री बैठकीवरच अवलंबून असते.

बैठकीचे महत्त्व

एक साधे गणित करून पाहू. बैठकीची लांबी ४० मि.मी. आहे असे धरा. नेम जुळविल्यानंतर स्क्रू सैल होऊन तिचे एक टोक ०.१ मि.मी., म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढे, उचलले गेले. आता २५ मीटरवर गोळी ठिपक्यापासून सुमारे ६२ मि.मी. दूर लागेल. २५ मीटर पिस्तुल प्रकारातील अचूकतेच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ५० मि.मी. असतो. म्हणजे दहा गुणांची गोळी आठ गुणांच्या पट्ट्यात जाईल, आणि नेमबाज बिचारा आपल्या हाताला दोष देत राहील.

खरेदीपूर्वी नियम पाहावा

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार १० मीटर व २५ मीटर पिस्तुल स्पर्धांत केवळ उघडी साइट चालते. प्रकाशीय व ठिपक्याच्या साइटला मनाई आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळविले, ते खाच व माशी यांच्याच आधारे. सबब या स्पर्धांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी शिक्षकांनी रेड डॉट साइटवर पैसा खर्च करू नये. ठिपक्यावर मुरलेला नेम स्पर्धेच्या दिवशी उपयोगी पडणार नाही. प्रात्यक्षिक नेमबाजीच्या काही विभागांत व अमेरिकेतील बुल्सआय स्पर्धांत मात्र ही साइट चालते.

बैठकीचे प्रकार

(१) स्थिर भागावरील पट्टी : रुगर मार्क चारसारख्या ०.२२ पिस्तुलात गोळी सुटताना आतला बोल्ट तेवढा हलतो. वरील नळकांडे स्थिर राहते. त्यावर आडव्या खाचा असलेली पिकॅटिनी पट्टी स्क्रूंनी बसविता येते. साइटला धक्के कमी बसतात. शिकाऊ व्यक्तीस हा प्रकार सर्वांत सोयीचा होय.

(२) मागील साइटच्या खाचेतील बैठक : मूळ साइट काढून तळाशी रुंद व वर अरुंद अशा त्या डव्हटेल खाचेत बैठक बसवितात. पिस्तुल कोरावे लागत नाही व पूर्वस्थिती आणता येते. परंतु ठिपका उंचावर येतो आणि मागील खाचेचा आधार नाहीसा होतो.

(३) कोरलेल्या स्लाइडवरील बैठक : पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, कोरून त्यात साइट थेट अथवा जोडपट्टीवर बसवितात. साइट खाली बसते व पकड उत्तम मिळते. मात्र स्लाइड प्रत्येक गोळीला वेगाने मागेपुढे धावत असल्याने स्क्रूंवर मोठा ताण येतो. कोरण्याचे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याविना अग्निशस्त्राची दुरुस्ती वा रूपांतर करता येत नाही.

सर्व साइटच्या तळाची रचना एकसारखी नसते. स्क्रूंच्या छिद्रांतील अंतर आणि धक्का झेलणाऱ्या उंचवट्यांच्या जागा साइट व बैठक यांत तंतोतंत जुळल्या पाहिजेत. छिद्रे ओढूनताणून जुळविणे सर्वथा गैर होय.

जोडणीची रीत

१. प्रथम मॅगझिन काढावे. चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करावी. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत.

२. दोन्ही पृष्ठभाग व छिद्रांतील आटे स्पिरिटने पुसून तेल काढावे.

३. स्क्रू न लावता साइट ठेवून पाहावी. ती डुलत असेल तर कागदाची घडी घालून भागवू नये. योग्य बैठक आणावी.

४. स्क्रूची लांबी तपासावी. लांब स्क्रू आतल्या यंत्रणेस अडतो. आखूड स्क्रूला पुरेसे आटे मिळत नाहीत.

५. आट्यांवर मध्यम शक्तीच्या थ्रेडलॉकरचा लहान थेंब लावावा व स्क्रू आळीपाळीने आवळावेत. अंतिम ताण टॉर्क पान्याने उत्पादकाने सांगितला तेवढाच द्यावा. अशा स्क्रूंना तो बहुधा १ ते २ न्यूटन-मीटर असतो.

६. पिकॅटिनी पट्टीवर आडवा बोल्ट खाचेच्या पुढील कडेला टेकवून मग आवळावा. धक्क्याने पिस्तुल मागे येते व साइट जागीच राहू पाहते. म्हणजेच ती पट्टीवर पुढे सरकू पाहते.

७. स्क्रूचे डोके व बैठक यांवर रंगाची एक सलग रेघ ओढावी आणि थ्रेडलॉकर वाळण्यास एक दिवस द्यावा.

नेम जुळविणे व देखभाल

मान्यताप्राप्त रेंजवर, पिस्तुल टेकूवर ठेवून पाच गोळ्या झाडाव्यात. एका गोळीवरून निष्कर्ष काढू नये; पाचांचा मध्य पाहून ठिपका सरकवावा. सुमारे ५० गोळ्यांनंतर रंगाची रेघ पाहावी. ती तुटली असेल तर स्क्रू फिरला आहे असे समजावे. बॅटरी बदलण्यासाठी साइट काढावी लागल्यास नेम पुन्हा तपासावा.

नेम अकस्मात बिघडला, तर ठिपक्याचे स्क्रू फिरविण्याची घाई करू नये. आधी पिस्तुल रिकामे करून बैठक तपासावी, मग साइट, आणि त्यानंतरच नेमबाजाच्या हाताकडे वळावे. प्रशिक्षकाने हा क्रम पाळल्यास दारूगोळ्याचा अपव्यय टळेल आणि शिकणाऱ्याचा आत्मविश्वासही अकारण खचणार नाही.