आजोबा वाट विसरतात तेव्हा : डिमेन्शिया आणि आपलं घर



"आमची आजी एकच गोष्ट दहादा विचारते," असं मूल वर्गात सांगतं आणि आपण हसून पुढे जातो. पण तो डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंशही असू शकतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख जणांना, हा आजार आहे. निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावं. आपण बोलू घराबद्दल.

"गॅसला हात लावू नका" असं बजावून इथे भागत नाही, कारण बजावलेलंच विसरलं जातं. मग बदल घरात करायचा. स्वयंपाक आटोपला की रेग्युलेटर बंद. फिनाइल, ॲसिड पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका. गोळ्या कुलपात ठेवा, दिवसाच्या तेवढ्याच बाहेर काढा. बाथरूमची आतली कडी काढून टाका, नाहीतर दार तोडायची वेळ येते. संडासाजवळ दांडी बसवा आणि रात्री तिथला दिवा चालू राहू द्या. काळं पायपुसणं मात्र उचला. आपल्याला ते पायपुसणं दिसतं, त्यांना खड्डा वाटू शकतो आणि तो चुकवताना तोल जातो.

आता आपल्या नागपूरची गोष्ट. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि घरोघरी लोखंडी कूलर लागतात. ओल्या हाताने कूलरला हात लावू नये, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, त्यांना ते आठवेलच असं नाही. अर्थिंग तपासून घ्या, वायर हाताशी ठेवू नका. तहान लागल्याचं त्यांना कळत नाही किंवा सांगता येत नाही, म्हणून पाणी विचारू नका, हातात द्या. भर उन्हात स्वेटर घालून बसलेले आजोबाही दिसतात बरं का!

सगळ्यात मोठी धास्ती घराबाहेर पडण्याची. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटात डॉ. मोहन आगाशेंनी रंगवलेले शास्त्री हत्तीच्या मागे चालत जातात आणि हरवतात. संध्याकाळी अस्वस्थता वाढते, "मला घरी जायचंय" सुरू होतं. "हेच तुमचं घर आहे ना!" म्हणून वाद घालू नका, अंगणात एक चक्कर मारून आणा. दाराला घंटी लावा, कडी नजरेत येणार नाही अशी खाली किंवा वर बसवा. पण एकट्या माणसाला कुलपात कोंडून बाहेर जाणं मला मुळीच पटत नाही. आग लागली तर?

नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी खिशात नको, कपड्यालाच शिवा. अलीकडचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कोपऱ्यावरचा पानठेलेवाला, ऑटोवाले, शेजारी सगळ्यांना सांगून ठेवा, यात लाज कसली? हरवलेच तर २४ तास थांबायचा नियम वगैरे काही नाही. लगेच ११२ लावा. एकाने घरी थांबावं, बाकीच्यांनी आधी विहीर, तलाव आणि मोठा रस्ता बघावा, मग जुनं घर, जुनं ऑफिस. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे. हे दोन्ही नंबर मुलांच्या डायरीत आजच लिहून द्या.