७१२ : एका टपाल-विभागातील नगरे

१५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतीय टपालखात्याने सहा अंकी पिन क्रमांकाची पद्धत अमलात आणली. संस्कृत पंडित म्हणून महाराष्ट्रास परिचित असलेले श्रीराम भिकाजी वेलणकर हे या पद्धतीचे जनक होत. क्रमांकाच्या पहिल्या तीन अंकांवरून टपालाची जिल्हावार वर्गवारी होते. त्यांपैकी ७१२ हे अंक पश्चिम बंगालमधील हुगळी जिल्ह्याचे आहेत. टपालाची वर्गवारी करणाऱ्यास याहून अधिक जाणून घेण्याचे कारण नसते. परंतु या अंकांखाली आज एकत्र नोंदली जाणारी नदीकाठची नगरे एके काळी निरनिराळ्या राजसत्तांच्या अमलाखाली होती.

सोळाव्या शतकात सरस्वती नदी गाळाने भरत गेली, सप्तग्राम बंदर ओस पडू लागले आणि पोर्तुगीज व्यापारी हुगळीस आले. १६३२ मध्ये शहाजहानच्या सैन्याने त्यांचे ठाणे जिंकले. शेजारच्या बांडेल या गावाच्या नावात मात्र त्यांच्या तोंडचे 'बंदर' अजून टिकून आहे. चिन्सुरा डचांचे होते. १८२४ च्या तहाने सुमात्रातील बेंकुलेन त्यांना देऊन इंग्रजांनी ते घेतले.

खाली नदीच्या प्रवाहाच्या दिशेने गेल्यास श्रीरामपूर लागते. (नगर जिल्ह्यातील श्रीरामपुराशी याचा संबंध नाही.) १७५५ पासून येथे डॅनिश वखार होती. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देत नसे. म्हणून विल्यम कॅरे व त्यांचे सहकारी डेन्मार्कच्या निशाणाखाली आले आणि १८०० मध्ये त्यांनी येथे छापखाना उभारला. याच छापखान्यातून १८०५ मध्ये कॅरे यांचे मराठी व्याकरण बाहेर पडले. मराठी गद्यग्रंथांच्या छपाईचा आरंभ मराठी मुलखापासून इतक्या दूर व्हावा, याचे कारण भाषेत शोधून सापडत नाही. ते या सरहद्दीत आहे. १८४५ मध्ये डॅनिशांनी श्रीरामपूर कंपनीस विकले आणि ही सरहद्द मिटली.

चंदननगराची सरहद्द त्यानंतरही शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली. क्लाइव्ह व वॉटसन यांनी १७५७ मध्ये हे फ्रेंच नगर जिंकले होते, पण तहान्वये ते पुढे परत करावे लागले. ब्रिटिश पोलिसांचा अधिकार तेथे चालत नसल्यामुळे विसाव्या शतकात बंगाली क्रांतिकारकांना ते आश्रयस्थान झाले. १९१० च्या फेब्रुवारीत अरविंद घोष कलकत्त्याहून नावेने गुप्तपणे येथे आले, आणि एप्रिलमध्ये पाँडिचेरी या दुसऱ्या फ्रेंच वसाहतीत पोहोचले. ज्या सत्तेस येथील प्रजेने स्वतः निवडले नव्हते, तिचाच असा उपयोग झाला!

जून १९४९ मध्ये सार्वमत घेण्यात आले, तेव्हा नागरिकांनी प्रचंड बहुमताने भारताच्या बाजूने कौल दिला. २ मे १९५० रोजी कारभार भारताकडे आला, आणि २ ऑक्टोबर १९५४ रोजी चंदननगर पश्चिम बंगालमध्ये विलीन झाले. आज चिन्सुऱ्याचा पिन क्रमांक ७१२१०१, चंदननगराचा ७१२१३६ आणि श्रीरामपूरचा ७१२२०१ आहे. श्रीरामपूर ते बांडेल हे अंतर लोहमार्गाने सुमारे २० किलोमीटर भरते.