घरी मोटार बांधू इच्छिणाऱ्या पालकांस

आपल्या मुलाबरोबर घरच्या गॅरेजात एखादी मोटार स्वहस्ते बांधावी, अशी इच्छा ज्यांच्या मनात मूळ धरून बसली आहे आणि ज्यांनी त्यासाठी थोडीफार रक्कमही बाजूला काढून ठेवली आहे, अशा पालकांसाठी हे लिहीत आहे. इंग्लंडच्या मध्यभागात, कॉव्हेन्ट्री आणि लेस्टर या शहरांच्या टापूत, मोटार-उद्योगाच्या निमित्ताने येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांपैकी कोणी ना कोणी मला अधूनमधून विचारतात की, तुम्ही लेकीबरोबर जो उद्योग केलात तो आम्हीही करावा काय. माझे उत्तर होकारार्थी आहे. परंतु त्या होकाराला एक अट जोडलेली आहे. लोखंड कितीही काळ वाट पाहू शकते, वाढणारे मूल वाट पाहू शकत नाही, हे ध्यानात ठेवूनच पैशाचा, कागदपत्रांचा आणि हत्यारांचा प्रत्येक निर्णय करावा, ही ती अट होय.

सुट्या भागांचा संच विकत घेऊन मोटार घरी जोडण्याची प्रथा ब्रिटनमध्ये जुनी आणि कायद्याला मान्य अशी आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ ही हलकी, उघडी, दोन आसनांची मोटार विक्रीस आणली. तयार मोटारीवर त्या काळी सरकार खरेदी-कर वसूल करीत असे आणि सुट्या संचावर तो पडत नसे, त्यामुळे बेताच्या मिळकतीच्या हौशी माणसाला ती संचरूपाने घेणे परवडे. १९७३ मध्ये खरेदी-कराच्या जागी मूल्यवर्धित कर आला, ती सवलत संपुष्टात आली आणि त्याच वर्षी सेव्हनच्या निर्मितीचे हक्क केटरहॅमकडे गेले. परंतु सवलत गेली तरी हौस ओसरली नाही. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग वापरून अशी मोटार अल्प खर्चात कशी बांधावी याचे पुस्तक प्रसिद्ध केल्यावर तर सांगाड्याच्या नळ्यासुद्धा घरीच कापून जोडणारे लोक निर्माण झाले. या परंपरेमुळे घरी बांधलेल्या मोटारीला रस्त्यावर आणण्याचा राजरोस मार्ग येथे उपलब्ध आहे. त्याचबरोबर हेही खरे की हा व्यवसाय बहुतांशी लहान लहान कारखान्यांच्या हाती आहे. एखाद्या शेडमध्ये मोजकी माणसे काम करतात, मालक थकतो किंवा भांडवल आटते, कारखाना बंद पडतो आणि त्याचे साचे दुसऱ्या कोणाच्या मालकीचे होतात. आमचा अनुभव नेमका येथूनच सुरू होतो.

मी पुण्यास अभियांत्रिकी शिकले आणि नोकरीनिमित्त इकडे आले. माझी कन्या माध्यमिक शाळेत जाऊ लागली त्या वर्षी आम्ही एक जुनी माझदा एम.एक्स.-५ विकत घेतली. पुढे लांबीत बसविलेले इंजिन आणि मागच्या चाकांना गती, अशी तिची रचना असल्यामुळे तिचे भाग संचाच्या मोटारीस सोयीचे पडतात. ती गाडी सोडविण्याचा काळ हा साऱ्या उद्योगातील सर्वांत आनंदाचा काळ होता, असे मी आजही म्हणेन. निघालेला प्रत्येक बोल्ट डब्यात जाई, डब्यावर चिठ्ठी लागे, आट्यांचे माप वहीत उतरे, आणि कोणता वॉशर कोणत्या बाजूला होता याविषयी माझ्या स्मरणापेक्षा तिच्या चित्रांवर अधिक भरवसा ठेवावा लागे. ज्या कारखान्याकडे आम्ही संच मागविला होता, त्याच्याकडून सांगाडा ठरल्या मुदतीत आला. फायबरग्लासची बॉडी मात्र आली नाही. आधी दिरंगाईच्या सबबी आल्या, मग पत्रांना उत्तरे येईनाशी झाली, आणि अखेरीस कारखाना बंद झाल्याचे व देणेकऱ्यांचा हिशेब परिसमापकाकडे सोपविल्याचे सूचनापत्र हाती पडले.

या बाबतीत येथील कायद्याने आम्हांस तारले. १९७४ च्या ग्राहक-कर्ज कायद्याच्या ७५ व्या कलमान्वये, १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत किंमत असलेली वस्तू क्रेडिट कार्डावर घेतली आणि विक्रेत्याने करार मोडला, तर कार्ड देणारी संस्थाही विक्रेत्याइतकीच उत्तरदायी ठरते. आणि विशेष म्हणजे किमतीचा केवळ बयाणा कार्डावर दिला असला तरी हे संरक्षण पूर्ण व्यवहाराला लागू होते. बराच पत्रव्यवहार झाल्यावर रक्कम परत मिळाली. तो हिवाळा मात्र परत मिळाला नाही. पहिल्या काही आठवड्यांत शाळेतून येताच माझी मुलगी विचारी, “आई, बॉडी आली का गं?” पुढे हा प्रश्न रविवारपुरता उरला, आणि नंतर तो तिच्या तोंडून ऐकू येईनासा झाला. तिला शाळेच्या वाद्यवृंदात व्हायोलिन मिळाले होते, नव्या मैत्रिणी मिळाल्या होत्या, आणि ज्या गॅरेजात सांगाडा स्टँडवर स्वस्थ उभा होता तेथे येण्याचे तिला काही कारण उरले नव्हते. कोणीतरी जुने साचे विकत घेऊन बॉडी तयार करू लागेपर्यंत आमच्या घरातले मूल बदलून गेले होते. हे दुःख कोणत्याही कार्ड-संस्थेकडून भरून मिळत नाही. म्हणून पुढील सूचना मी तळमळीने करीत आहे.

पहिली सूचना पैशाविषयी. बयाणा देण्यापूर्वी कारखाना प्रत्यक्ष जाऊन पाहावा आणि ज्यांनी अलीकडेच त्यांच्याकडून संच घेऊन मोटार पूर्ण केली आहे अशा माणसांची गाठ घ्यावी. सर्व रक्कम एकदम भरू नये. अमुक भाग घरी पोहोचला म्हणजे अमुक हप्ता, असा लेखी करार करावा आणि पोहोचविण्याची तारीख त्यात नमूद करून घ्यावी. थेट बँकेतून रक्कम पाठविणारा माणूस कारखाना बुडाल्यावर विनातारण देणेकऱ्यांच्या रांगेत उभा राहतो आणि त्या रांगेत हाती फारसे काही पडत नाही, याचा विसर पडू देऊ नये. सांगाडा आणि बॉडी हे दोन्ही मोठे भाग घराच्या छपराखाली आल्यावाचून काम सुरू झाले असे मुलाला सांगू नये. तोपर्यंत जुनी गाडी चालू ठेवावी आणि तिच्याच देखभालीतून हत्यारांची ओळख करून द्यावी.

दुसरी सूचना अशी की, बाहेरच्या कोणावरही अवलंबून नसलेले एक तरी काम नेहमी राखून ठेवावे. माझी मुलगी गॅरेजात परत आली ती वायरिंगमुळे. लोखंडी पत्र्याच्या मोटारीत विजेचा परतीचा मार्ग बॉडीतूनच जातो. फायबरग्लासमधून वीज वाहत नसल्यामुळे प्रत्येक दिव्याला सांगाड्यापर्यंत स्वतंत्र परतीची तार द्यावी लागते, आणि जुन्या गाडीचा आराखडा जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. हा आराखडा नव्याने काढण्याचे काम मी तिच्या स्वाधीन केले. तो जेवणाच्या मेजावर बसूनही काढता येत होता, त्याला कोणत्याही कारखान्याची मेहेरबानी लागत नव्हती, आणि तो बरोबर आहे की नाही हे दिवा लागण्यावरून तिचे तिलाच कळत होते. असे काम प्रत्येक टप्प्यावर सापडते: ब्रेकचे कॅलिपर स्वच्छ करून नवीन रबरी सील बसविणे, पेडलांची जुळणी करणे, कंसांच्या कडा कानशीने गोल करणे. पालकाने त्याची यादी आधीच करून ठेवावी आणि काम अडले की लगेच ती बाहेर काढावी.

तिसरी सूचना कामाच्या वाटणीविषयी. मुलाला केवळ हत्यारे हातात देण्यापुरते ठेवले, तर त्याला लवकरच कळून चुकते की आपल्यावाचून काही अडत नाही, आणि मग ते येणे सोडते. उलट ब्रेक, स्टिअरिंग आणि आसनपट्टे यांची अंतिम जबाबदारी लहान मुलावर टाकणे हा अन्याय होय. यातून आम्ही असा नियम काढला की, ज्याने बोल्ट आवळला त्याने तो तपासायचा नाही. टॉर्क रेंचने मी आवळावे, ठरलेला आकडा तिने पुस्तकातून मोठ्याने वाचावा, रेंच हाती घेऊन स्वतः पडताळावे, आणि मगच त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढावी. नायलॉक नटातून बोल्टचे आटे पूर्ण बाहेर आलेले दिसेपर्यंत ती रेघ ओढीत नसे, आणि एकदा वापरलेला नायलॉक नट ती पुन्हा वापरू देत नसे. तपासनिसाचा हा अधिकार खरा होता, कारण तिच्या रेघेवाचून पुढचे काम होत नसे. मुलाला द्यावयाचा वाटा असा असावा.

सुरक्षिततेबाबतच्या गोष्टी थोडक्यात सांगते, पण त्यांत सवलत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कितीही थोडा वेळ, जाऊ नये. पक्के स्टँड लावून, गाडी हलवून पाहून, मगच खाली शिरावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून जमिनीलगत पसरते, म्हणून टाकी उतरविताना गॅरेजातील पेटता हीटर, वेल्डिंग आणि ठिणगी उडविणारे प्रत्येक यंत्र बंद असावे. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसच्या ब्रेक-अस्तरांवर १९९९ साली बंदी आली. त्यापूर्वीच्या गाडीच्या ब्रेकमधील धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. फायबरग्लास घासताना चांगला मास्क लावावा. आयसोसायनेट असलेला दोन घटकांचा रंग घरी मारू नये. त्याने दम्याचा कायमचा विकार जडू शकतो, सबब ते काम योग्य व्यवस्था असलेल्या रंगाऱ्याकडे द्यावे.

चौथी सूचना दप्तराविषयी. घरी बांधलेल्या मोटारीस येथे वैयक्तिक वाहन-मंजुरीची परीक्षा द्यावी लागते. ही पद्धत २००९ पासून अमलात आहे. परीक्षक दिवे, धूर, आवाज, आरसे आणि आसनपट्ट्यांचे बांधकाम तपासतो. ब्रेक दाबल्यावर मागच्या चाकांआधी पुढची चाके थबकली पाहिजेत, वेगमापकाने खऱ्या वेगाहून कमी वेग कदापि दाखविता कामा नये, आणि पादचाऱ्याला लागू शकेल अशा बाहेरील कडांची गोलाई निदान अडीच मिलिमीटर असली पाहिजे, असे तपशील त्यात असतात. ही नियमपुस्तिका काम संपत आल्यावर उघडण्याची वस्तू नाही; ती पहिल्या दिवसापासून मुलाच्या हाती असावी, म्हणजे कानशीचे कंटाळवाणे काम कशासाठी चालले आहे हे त्याला कळते. पहिल्या खेपेस त्रुटींची यादी हाती येणे हा नेहमीचा प्रकार आहे, हेही त्याला आगाऊ सांगून ठेवावे. प्रत्येक भागाची पावती आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र जपावे, कारण पुढे स्वान्सी येथील नोंदणी कार्यालय मोटार कशापासून बनली याचा दाखला मागते, आणि गाडीचे वय किंवा तिची ओळख सिद्ध झाली नाही तर तिला ‘क्यू’ अक्षराचा क्रमांक मिळतो. आमच्या घरी या पावत्यांचे दप्तर मुलीकडेच होते.

महाराष्ट्रातून विचारणाऱ्या आप्तांना मात्र मी हा मार्ग सुचवीत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिलेला निर्णय पाहता, उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ स्वरूपात मूलभूत बदल केलेल्या गाडीला तेथे रस्त्यावर स्थान नाही, आणि नवीन मोटारीच्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेचे प्रमाणपत्र मिळविणे हे कारखानदाराचे काम आहे, एका कुटुंबाचे नव्हे. तेथील पालकांनी एखादी जुनी चेतक स्कूटर घ्यावी आणि ती मूळ स्वरूपात पुन्हा चालू करावी. साधे दोन-स्ट्रोक इंजिन, सुटे भाग शहरात मिळणारे आणि काम एका सुट्टीत आटोपणारे, अशी ती निवड मुलाच्या वयाला अधिक न्याय देते. ब्रिटनमध्येही ज्यांच्याकडे गॅरेज नाही त्यांनी मुलाच्या शाळेत ग्रीनपॉवरचा उपक्रम आहे का ते पाहावे. त्या धर्मादाय संस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी विजेवर चालणारी एकआसनी मोटार संचातून बांधतात आणि ती शर्यतीत उतरवितात.

आमची मोटार पूर्ण झाली, मंजूर झाली आणि आज रस्त्यावर धावते. मुलगी अभियंता झाली का, असे लोक विचारतात. तिने कायद्याचा अभ्यास निवडला आहे आणि त्यात मला काही उणे वाटत नाही, कारण आटे दिसल्यावाचून रेघ न ओढण्याची वृत्ती त्या विद्येलाही लागतेच. येथे सतरा वर्षे पुरी होईपर्यंत मुलाला रस्त्यावर मोटार चालविता येत नाही, आणि सोळाव्या वर्षी शालेय परीक्षांचा भार येतो. म्हणजे गाडी चालविण्याच्या आशेवर मूल इतकी वर्षे टिकेल असे मानू नये, कामातच त्याला गोडी वाटली पाहिजे, आणि ते काम परीक्षांच्या आत संपले पाहिजे. म्हणून बयाणा देण्यापूर्वी मुलाला समोर बसवून एका वहीच्या पहिल्या पानावर दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणते काम सर्वस्वी त्याचे राहील, आणि कोणत्या तारखेनंतर त्याला मन उरले नाही तर कोणाचाही रोष न पत्करता हे काम सोडण्याची मुभा राहील. दुसऱ्या गोष्टीवर सही करताना ज्या पालकाचा हात अडखळतो, त्याने मोटार जरूर बांधावी, पण ती आपल्यासाठी बांधावी आणि मुलाला त्यातून मोकळे ठेवावे. ज्यांना दोन्ही ओळींवर मनापासून सही करता येते, त्यांनी निःशंक मनाने कामास लागावे.