तान्ह्या बाळाची झोप आणि 'साउंडप्रूफ' पडदे

हमरस्त्यालगत राहणारे आईवडील बाळाला लसीकरणासाठी घेऊन येतात, तेव्हा अलीकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो : "डॉक्टर, खिडकीला साउंडप्रूफ पडदे लावले तर बाळ शांत झोपेल का?" प्रश्न वैद्यकाइतकाच पदार्थविज्ञानाचा असल्याने आपण त्याला बहुधा बगल देतो. परंतु पालक त्यावर बरीच रक्कम खर्च करतात. म्हणून थोडे विवेचन.

आवाज शोषणे आणि आवाज अडविणे या भिन्न क्रिया होत. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृह फार घुमत असे. वॉलेस सॅबिन यांनी जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून मांडल्या व घुमणे किती उणावते ते मोजले. गाद्यांनी खोलीतला नाद शोषला. बाहेरचा आवाज त्यांनी थोपविला असता, असे मात्र नव्हे. पडदा याच जातीचा आहे. आवाज अडविण्यास वजन लागते. प्लॅस्टर केलेल्या साडेचार इंची विटांच्या भिंतीचे वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर, ४ मिलिमीटर काचेचे १० किलो आणि चांगल्या जाड पडद्याचे जेमतेम अर्धा किलो! वजन दुप्पट केले तर सुमारे ६ डेसिबलचा लाभ, हा स्थूल नियम ध्यानी घेतला की विक्रेत्याच्या दाव्याची किंमत आपोआप कळते. हॉर्नची कर्कशता पडद्याने काहीशी बोथट होते. ढोल-डीजेचा खर्जातला धमाका तसाच आत येतो.

शत्रू खरा फटीचा. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या अवघी एक टक्का जागा उघडी राहिली, तर उरलेला भाग कितीही भक्कम असो, २० डेसिबलहून अधिक रोध मिळत नाही. म्हणून सरकत्या काचांच्या कडांना रबरी पट्टी बसविणे, हे पहिले आणि स्वस्त काम. पडदा त्यानंतर. तो लावायचाच तर चौकटीच्या दोन्ही बाजूंस वीतभर पुढे जाणारा, छतापासून जमिनीपर्यंतचा, भिंतीलगतचा आणि दुप्पट रुंदीच्या चुण्यांचा असावा.

हा खटाटोप व्यर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार झोपण्याच्या खोलीत ३० डेसिबल ही सततच्या आवाजाची इष्ट मर्यादा. आपल्या २००० च्या नियमांत निवासी भागात रात्री घराबाहेर ४५. न्यूयॉर्कमधील एका शाळेत उन्नत रेल्वेमार्गाकडील वर्गांतली मुले शांत बाजूच्या मुलांच्या तुलनेत वाचनात मागे असल्याचे अर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये दाखविले. रुळांवर रबरी गाद्या व वर्गांना ध्वनिशोषक छत बसविल्यावर १९८१ च्या पाहणीत ती तफावत उरली नव्हती.

मात्र बालरोगतज्ज्ञाने दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. घरात दमेकरी मूल आहे काय? जड पडदे सहसा धुतले जात नाहीत, धूळ व धुळीतील माइट साठवितात. ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात धुता येईल असेच कापड घ्यावे. आणि पडद्याची दोरी कोठे लोंबते? तिचा फास गळ्याभोवती बसून बालके दगावली आहेत. पाळणा खिडकीपासून दूर, दोरी नकोच. (पाळणा आतल्या भिंतीकडे सरकविल्याने आवाजही घटतो, आणि त्याला पैसा लागत नाही.) संथ आवाज करणारी यंत्रे हा पर्याय सुचविला जातो, २०१४ मध्ये तपासलेली अशी चौदाही यंत्रे पूर्ण आवाजावर ३० सेंटिमीटर अंतरावर ५० डेसिबलच्या वर गेली होती. रोगापेक्षा औषध भारी!

याउलट, "अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतही आमचे बाळ गाढ झोपते," असे कौतुकाने सांगणारे पालक भेटतात. बाळाची श्रवणचाचणी झाली आहे का, हे तेथेच विचारावे. गाढ झोपेत निरोगी बाळही दचकत नाही, पण त्यावर विसंबू नये. पहिल्या महिन्यात चाळणी चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचारास आरंभ, हे वेळापत्रक हुकले तर वाणीच्या वाढीचे मोलाचे महिने निघून जातात.