सायकलला चालेल आणि रोजही चालेल, असा गॉगल कसा निवडावा?

आपल्या वस्त्यांमध्ये काळा चष्मा बहुधा दोनच वेळा डोळ्यांवर चढतो. एकदा लग्नात नवरदेवाच्या आणि नंतर थेट मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर. मधली तीस-चाळीस वर्षे ऊन, धूळ आणि वारा आपण उघड्या डोळ्यांनी झेलतो. एखाद्या मुलीने कामावर जाताना सायकलवर गॉगल लावला, की ‘हिरोईन निघाली’ असा टोमणा ठरलेला. गॉगल म्हणजे शायनिंग, ही समजूत आपल्या डोळ्यांना महागात पडते. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही गॉगल हाच विषय घेतला आहे. घरात एकच गॉगल घेण्याइतके पैसे असतील, तर तो सायकलवरही चालावा आणि बाजारात, शेतात, मिरवणुकीतही चालावा, अशा बेताने तो कसा पारखायचा, ते पाहू.

मावळात गरज कोणाला?

तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली, लोणावळा या पट्ट्यात आजही कितीतरी माणसे सायकलने कामाला जातात. कोणी एमआयडीसीत पाळीला, कोणी फुलांच्या पॉलिहाऊसमध्ये, कोणी लोणावळ्याच्या हॉटेलांत आणि बंगल्यांवर. कोणी स्टेशनपर्यंत सायकल दामटवतो आणि पुढे लोकल पकडतो. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, त्यामुळे आपला रस्ता म्हणजे जुना मुंबई-पुणे हायवे आणि गावांचे जोडरस्ते. तिथे ट्रकने उडवलेली खडी-माती, डंपरमधली कच, संध्याकाळी दिव्यांभोवतीची चिलटे हे सगळे थेट डोळ्यात येते. उतारावर वेग वाढला की वाऱ्याने पाणी येते आणि क्षणभर समोरचे दिसत नाही. तेवढ्यात खड्डा आला तर पडायला होते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीतले खेळाडू बोरघाटात चष्मा लावतात, तो मुख्यतः याच कारणासाठी. रोज कामावर सायकल मारणाऱ्याच्या डोळ्यांना त्यांच्यापेक्षा कमी गरज नाही.

ऊन दिसते, पण त्यातले घातक किरण दिसत नाहीत

उन्हात डोळ्यांना दिसणारा उजेड असतो, तसे न दिसणारे अतिनील किरणही असतात. डॉक्टर त्यांना यूव्ही म्हणतात. हे किरण वर्षानुवर्षे डोळ्यात जात राहिले, तर मोतीबिंदू लवकर येण्याला हातभार लागतो. मोतीबिंदूमुळे आलेल्या जगभरातल्या अंधत्वापैकी १० टक्क्यांपर्यंत अंधत्व उन्हामुळे आलेले किंवा वाढलेले असू शकते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ऊन, वारा आणि धूळ यांत राबणाऱ्यांच्या डोळ्यांवर आणखी एक विकार दिसतो. नाकाकडच्या कोपऱ्यातून मांसाचा पातळ पडदा बुबुळाकडे सरकत येतो. त्याला टेरिजियम म्हणतात. तो वाढून बुबुळाच्या मध्यापर्यंत गेला तर नजर अडते.

लोणावळ्याचा गारवा इथे फसवतो. अतिनील किरण अंगाला उष्ण लागत नाहीत, त्यामुळे हवा थंड असली तरी त्यांचा मारा चालूच असतो. उंचीवर तो थोडा वाढतो. दर हजार मीटरला साधारण १० टक्के वाढ धरतात आणि लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे. पातळ ढगांतूनही हे किरण बरेचसे खाली येतात. सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ सर्वांत तीव्र. १४ एप्रिलची मिरवणूक, उन्हाळ्यातली वीटभट्टी, बांधकाम आणि भातलावणीच्या दिवसांत ढग फाटल्यावर पाण्यावरून येणारी तिरीप हे सारे याच वेळेत येते.

काच काळी म्हणजे चांगली, हा गैरसमज

हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. काचेचा काळेपणा दिसणारा उजेड कमी करतो. अतिनील किरण अडवणे हा काचेचा वेगळा गुण आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. फुटपाथवरच्या गडद गॉगलमध्ये तो असेल किंवा नसेलही. नसेल तर नुकसान अधिक, कारण काळ्या काचेमागे अंधार झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि मोठ्या बाहुलीतून घातक किरण जास्त आत शिरतात. वर माणूस ‘आपण गॉगल लावलाय’ म्हणून उन्हाकडे बिनधास्त बघतो.

याची दुसरी बाजू आनंदाची आहे. पूर्ण पारदर्शक काचही अतिनील किरण अडवू शकते. पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक हे काम मुळातच करते. ते फुटून डोळ्यात घुसत नाही, म्हणून कारखान्यातले पारदर्शक सेफ्टी चष्मे त्याचेच असतात. हार्डवेअरच्या दुकानात ते स्वस्तात मिळतात. म्हणजे हाताशी पैसे अगदीच कमी असतील, तर पर्यटकांच्या टपरीवरच्या झगमगीत गॉगलपेक्षा हा साधा चष्मा सायकलवाल्याच्या जास्त कामाचा. धूळ, वारा, चिलटे आणि अतिनील किरण चारही थांबतात. डोळे दिपणे तेवढे राहते. त्यावर पुढे झडप असलेली टोपी घाला.

विकत घेताना काय पाहावे?

१. शिक्का. काचेवर, काडीच्या आतल्या बाजूला किंवा चिठ्ठीवर इंग्रजी यू, व्ही ही अक्षरे आणि पुढे ४०० आकडा असावा. म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे, अर्थात सर्व अतिनील किरण अडतात. सेफ्टी चष्म्यावर ईएन १६६ किंवा झेड ८७ असा शिक्का असतो. तो काच मजबूत असल्याचा. मात्र चिठ्ठी कोणीही छापू शकतो. चष्म्याच्या अनेक दुकानांत यूव्ही मोजण्याचे छोटे यंत्र असते. त्यात काच धरून दाखवा, असे दुकानदाराला सांगावे. त्यात संकोच कसला?

२. नोटेची परीक्षा. यंत्र नसेल तर नोटा तपासण्याचा जांभळा दिवा किराणावाल्याकडे असतो. त्याखाली नोटेचे नंबर चमकतात. दिवा आणि नोट यांच्यामध्ये गॉगलची काच धरा. चमक जवळजवळ गेली तर काच किरण अडवते. चमक तशीच राहिली तर तो गॉगल घेऊ नका. ही ढोबळ परीक्षा आहे, पण अगदी वाईट काच ओळखायला पुरते. दिव्याकडे मात्र सरळ बघू नये.

३. गडदपणा. गॉगलच्या काचेचे ० ते ४ असे प्रकार असतात. २ नंबरच्या काचेतून १८ ते ४३ टक्के उजेड आत येतो, ३ नंबरमधून ८ ते १८ टक्के. सायकल आणि रोजचा वापर या दोन्हींसाठी यांपैकी एक घ्यावा. ज्याचा रस्ता झाडीतून किंवा रेल्वेखालच्या भुयारी मार्गातून जातो, त्याला २ नंबर बरा. उन्हातून अंधारात शिरताना फार गडद काचेमागे काही क्षण काहीच दिसत नाही. ४ नंबरची काच लावून कोणतेही वाहन चालवू नये, सायकलसुद्धा नाही.

४. रंग. करड्या काचेतून रंग आहेत तसे दिसतात. तपकिरी काचेतून रस्त्यावरचे खड्डे, खडी थोडी उठून दिसते. एकच घ्यायचा तर या दोनांतलाच. निळ्या, गुलाबी काचा फोटोला छान, पण काहींतून सिग्नलचे रंग नीट ओळखू येत नाहीत.

५. पोलराइज्ड काच. ओल्या रस्त्यावरची आणि पाण्यावरची तिरीप ती चांगली कापते. पवना धरणाच्या काठाने किंवा भातखाचरांत काम करणाऱ्यांना तिचा आराम पडतो. पण रस्त्यावर सांडलेले तेल, निसरडा ओला पट्टा ज्या चकाकीने कळतो, ती चकाकीही ती कमी करते. काही मोबाइलचे पडदेही तिच्यातून काळे दिसतात. पोलराइज्ड असणे म्हणजे यूव्ही अडवणे नव्हे, हे लक्षात ठेवा. जास्त पैसे मोजण्याआधी आपल्या रस्त्याला ती खरोखर हवी का, याचा विचार करावा.

६. सरळ रेघ. गॉगल हातभर लांब धरा आणि त्यातून दाराची चौकट किंवा खिडकीचा गज पाहा. गॉगल हळूच वर-खाली करा. रेघ वाकडी-तिकडी हलली तर काच खराब आहे. असा गॉगल घालून डोके दुखते आणि खड्ड्याचा अंदाज चुकतो.

७. बसणे. दुकानात घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. मान खाली घालून हलवा, नाकावरून घसरता कामा नये. पापण्या काचेला लागू नयेत. बाजूने ऊन आणि धूळ शिरू नये म्हणून काच थोडी गोलाईची, गालापर्यंत येणारी असावी. मात्र काडी फार रुंद नको. मागून येणारा ट्रक पाहायला मान वळवाल, तेव्हा तीच काडी आड येते. चढावर घाम आल्यावर काचेवर वाफ धरते, म्हणून वर-खाली थोडी फट हवी. हेल्मेट वापरत असाल तर ते घालूनच गॉगल लावून पाहा. मागे दोरी बांधली तर गळ्यात अडकवता येतो आणि हरवत नाही.

नंबरचा चष्मा असेल तर

बरेच जण उन्हात नंबरचा चष्मा काढून नुसता गॉगल लावतात. सायकलवर हे धोक्याचे आहे. नंबरच्या चष्म्यावर बसणारा मोठा गॉगल किंवा चिमट्याने अडकणारी काळी काच मिळते. नवा चष्मा करणारच असाल तर उन्हात आपोआप गडद होणारी काच विचारा. ती उन्हात अर्ध्या-एक मिनिटात काळवंडते, पण सावलीत साफ व्हायला काही मिनिटे घेते, म्हणून भुयारी मार्गात सावध असावे. चाळिशीचा दोन भागांचा चष्मा असेल, तर खालच्या भागातून पुढच्या चाकाजवळचा रस्ता धूसर दिसतो. उतारावर वेग कमी ठेवा.

रात्रपाळी आणि पावसाळा

संध्याकाळनंतर काळा गॉगल काढलाच पाहिजे. रात्रीची चिलटे आणि धूळ यांसाठी पारदर्शक चष्मा वापरा. जून ते सप्टेंबर खंडाळा-लोणावळ्याच्या धुक्यातही तोच बरा. फिकट पिवळी काच दिवसा धुक्यात थोडी स्पष्टता देते, पण रात्री समोरच्या गाड्यांच्या दिव्यांवर ती उपाय नाही. काच चिखलाने माखली तर आधी पाण्याने धुवावी, मग मऊ सुती कापडाने टिपावी. कोरडी पुसली की ओरखडे पडतात. ओरखड्यांनी भरलेली काच समोरून दिवा आला की आंधळी होते. ती बदला.

गॉगल काय करू शकत नाही?

वेल्डिंग आणि ग्राइंडिंगला उन्हाचा गॉगल चालत नाही. तिथे कामाचा ठरलेला मुखवटा किंवा सेफ्टी गॉगलच हवा आणि तो देणे मालकाची जबाबदारी आहे. ग्रहण पाहायला गॉगल चालत नाही. मिरवणुकीतल्या लेझरच्या झोतापासूनही तो वाचवत नाही, तेव्हा तोंड फिरवावे. लहान मुलांना जत्रेतले खेळण्यातले काळे चष्मे घालू नका. मुलांच्या डोळ्यांत अतिनील किरण मोठ्यांपेक्षा जास्त खोल पोचतात. त्यांना टोपी आणि सावली द्या, आणि गॉगल द्यायचाच तर वरच्या कसोट्यांना उतरलेला.

डोळ्यात काही गेले तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा. काडीने, पदराच्या टोकाने किंवा जिभेने कचरा काढून घेऊ नका. तूप, मध, अंगावरचे दूध घालू नका. लोखंडाची कीस गेली असेल, डोळा लाल राहिला, उजेड सहन होत नसेल किंवा नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मेडिकलमधून स्वतःहून थेंब आणून टाकू नका. त्यातल्या काहींमध्ये स्टेरॉइड असते. ते दीर्घकाळ घातले तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते.

तळेगाव दाभाड्याला मायमर मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, पिंपरीच्या वायसीएममध्ये आणि पुण्याच्या ससूनमध्ये डोळ्यांचा विभाग आहे. देशात अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्याखाली सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूचे ऑपरेशन आणि शाळकरी मुलांची नेत्रतपासणी होते. चाळिशीनंतर वर्षा-दोन वर्षांतून एकदा डोळे तपासून घ्यावेत. मधुमेह असेल तर दरवर्षी.

आमची एक सूचना आहे. येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा घरातले सगळे गॉगल सोबत आणा. नोटा तपासण्याचा एक दिवा आणि दाराची चौकट एवढ्यावर अर्ध्या तासात वस्तीतले सगळे गॉगल पारखून होतील. जे नापास होतील ते फोटोपुरते ठेवा. घरात एकच चांगला गॉगल घेता येत असेल, तर तो सर्वांत जास्त वेळ उन्हात सायकल मारणाऱ्याला द्या, मग ती घरची सून असो वा मुलगी. आणि ती तो लावून निघाली, तर टोमणा मारणाऱ्याला हे पान वाचायला द्या.